संगणक कॅबिनेटमधील तापमान संवेदक

संगणक कॅबिनेटमधील तापमान संवेदक ही डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमधील हवेचे व सुट्या भागांचे तापमान मोजणारी साधने होत. यांपैकी काही संवेदक प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क इत्यादींमध्ये निर्मितीच्या वेळीच बसवलेले असतात. इतर संवेदक वापरकर्ता स्वतः लावतो. संवेदक केवळ तो ज्या ठिकाणी आहे तेथील तापमान दाखवतो. त्यामुळे जागा चुकल्यास पंखे गरज असतानाही मंद राहतात किंवा विनाकारण वेगाने फिरतात आणि एखादा भाग तापत असल्याची सूचना वेळेवर मिळत नाही.

पार्श्वभूमी

२००० सालच्या सुमारास अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये, प्रोसेसरच्या खाली थर्मिस्टर बसवलेला असे. तो चिपच्या आतील तापमानापेक्षा कमी आकडा दाखवी आणि तोही उशिरा. हीट सिंक नीट न बसल्यास चिप काही सेकंदांतच धोकादायक पातळीपर्यंत तापू शकते. अशा वेळी हा संवेदक निरुपयोगी ठरे. इंटेलच्या पेंटियम ३ मध्ये तसेच २००१ साली आलेल्या एएमडीच्या ॲथलॉन एक्सपीमध्ये तापमान मोजणारा डायोड चिपमध्येच होता. पुढे चिपमध्ये अंकीय संवेदक आले. त्यामुळे आता प्रोसेसरसाठी बाह्य संवेदकाची गरज सहसा नसते. बाह्य संवेदक मुख्यतः हवा आणि स्वतःचा संवेदक नसलेले भाग यांसाठी वापरले जातात.

प्रकार

कॅबिनेटमध्ये बहुधा थर्मिस्टर वापरतात. तापमान वाढले की याचा विद्युतरोध कमी होतो. २५ °से तापमानाला १० किलोओहम रोध असलेला थर्मिस्टर सर्वाधिक प्रचलित आहे. काही मदरबोर्डांवर आणि पंखा-नियंत्रकांवर तो जोडण्यासाठी दोन पिनांची सोय असते.

हवेचे तापमान मोजण्याच्या जागा

* आत येणारी हवा: संवेदक पुढील पंख्याजवळ, हवेच्या प्रवाहात टांगता ठेवतात. तो पत्र्याला टेकल्यास हवेऐवजी पत्र्याचे तापमान दाखवतो.
* बाहेर जाणारी हवा: संवेदक मागील किंवा वरील पंख्याजवळ ठेवतात. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या हवेच्या तापमानातील फरक हे वायुवीजनाचे प्रमुख माप आहे. ३०० वॅट उष्णता ताशी ८५ घनमीटर हवेबरोबर बाहेर जात असल्यास हा फरक सुमारे १०.५ °से येतो.
* प्रोसेसरच्या पंख्यात शिरणारी हवा: संवेदक पंख्यापासून २ ते ३ सेंमी अंतरावर ठेवतात. कॅबिनेटसाठीच्या इंटेलच्या एका मार्गदर्शिकेत, खोलीचे तापमान ३५ °से असताना येथील हवा ३८ °से पर्यंत असावी, अशी अपेक्षा होती.
* ग्राफिक्स कार्डाखालील हवा: या जागेत गरम हवा कोंडण्याचा संभव अधिक असतो.

फरक मोठा असल्यास हवेचा प्रवाह अपुरा आहे, असे समजतात. फरक कमी असूनही एखादा भाग तापत असल्यास हीट सिंकवरील धूळ, सैल बसवणी किंवा त्या भागापर्यंत न पोहोचणारी हवा ही कारणे तपासली जातात. कॅबिनेटमधील हवा खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, म्हणून खोलीचे तापमानही नोंदवणे आवश्यक असते. विदर्भातील उन्हाळ्यासारख्या परिस्थितीत हे विशेष महत्त्वाचे ठरते.

भागांवरील जागा

मदरबोर्डावरील व्होल्टेज नियामकाचा संवेदक त्याच्या हीट सिंकवर पॉलिइमाइड चिकटपट्टीने लावतात. संवेदकाची तारही काही सेंटीमीटर पृष्ठभागालगत ठेवतात, अन्यथा तारेतून उष्णता निघून जाऊन आकडा कमी येतो. जुन्या हार्ड डिस्कवर तो बाजूच्या धातूवर लावतात. हवेचे छिद्र झाकले जाऊ नये, याची काळजी घेतात. द्रव-शीतकरणात संवेदक द्रवाच्या मार्गातच बसवतात.

टाळावयाच्या जागा

प्रोसेसर व हीट सिंक यांच्यामध्ये संवेदक ठेवू नये. त्याच्या जाडीमुळे दोघांमधील संपर्क तुटून प्रोसेसर तापतो. संवेदकाची तार पंख्याच्या पात्यांजवळ सैल सोडू नये. एसएमपीएस उघडून आत संवेदक लावणे जीवघेणे ठरू शकते, कारण वीजपुरवठा बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरांमध्ये उच्च व्होल्टेजचा भार शिल्लक राहू शकतो. त्याचे तापमान कॅबिनेटबाहेर, त्यातून निघणाऱ्या हवेवरून अजमावतात.

पडताळणी

संगणक बराच काळ बंद असताना सर्व संवेदक एकत्र ठेवल्यास त्यांचे आकडे जवळपास सारखे यावे लागतात. तफावत असल्यास ती नोंदवून पुढील मोजमापांतून वजा करतात. प्रत्यक्ष मोजमाप कॅबिनेटचे झाकण लावून आणि संगणकावर सलग भार देऊन, आकडे स्थिरावल्यानंतर करतात. झाकण काढल्यास हवेचा मार्ग बदलतो, त्यामुळे तेव्हाचे आकडे नेहमीच्या वापराला लागू पडत नाहीत.

हे सुद्धा पहा

* थर्मिस्टर
* हीट सिंक
* मदरबोर्ड