एक चाल लवकर

4 मे 1997, सात दिवस आधी
न्यूयॉर्कच्या इक्विटेबल सेंटरमध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आयबीएमच्या 'डीप ब्लू'विरुद्धचा दुसरा डाव सोडून देतो. एकामागून एक शह देत बरोबरी साधता आली असती, हे मदतनीस त्याला नंतर सांगतात. माझ्या मते पडझड इथेच सुरू झाली. पुढचे तिन्ही डाव बरोबरीत सुटतात.

11 मे, सकाळ
गुण अडीच-अडीच. डीप ब्लूच्या चमूतला स्पॅनिश ग्रँडमास्टर मिगेल इलेस्कास याने पुढे मुलाखतीत सांगितले, की यंत्राच्या सुरुवातीच्या चालींच्या साठ्यात त्याच सकाळी एक भर पडली: काळ्याने एच6 खेळले, तर घोड्याने ई6 वरचे प्यादे मारायचे.

दुपारी 3
पांढरी मोहरी यंत्राकडे. कास्पारोव्ह कॅरो-कान बचाव निवडतो. वर्षानुवर्षे सिसिलियनवर जगलेल्या खेळाडूने निर्णायक डावात असे परक्या घरी जावे, याची मला आजही हळहळ वाटते.

सातवी चाल
यंत्राचा घोडा जी5 वर. त्याला हुसकायला एच6 खेळायचेच असते, पण आधी उंट डी6 वर आणून. मग राजाला निसटायला एफ8 चे घर मोकळे होते. कास्पारोव्ह प्यादे आधी सरकवतो. रोख फायदा दिसल्याशिवाय यंत्र मोहरे देणार नाही, असा त्याचा भरवसा असावा.

आठवी चाल
घोडा ई6 वर. चित्रफितीत कास्पारोव्ह डोके हातांत धरून बसलेला दिसतो. सेकंदाला 20 कोटी स्थिती तपासणारे यंत्र ही चाल शोधून काढत नाही, माणसांनी सकाळी शिकवलेली चाल ते खेळते. मला या डावातले सर्वांत मोठे सत्य हेच वाटते.

दहावी चाल
जी6 वरून उंटाचा शह. राजा डी8 वर, किल्लेकोट कायमचा गेला. ई7 वरचा वजीर स्वतःच्याच उंटाची वाट अडवून उभा. अठराव्या चालीला तोही जातो, बदल्यात एक हत्ती आणि एक उंट.

चार वाजून गेल्यावर
19वी चाल. पांढऱ्याचे सी पट्टीतले प्यादे दोन घरे पुढे येते आणि कास्पारोव्ह डाव सोडतो. साडेतीन-अडीच. तो उठतो, तेव्हा त्याचे दोन्ही हत्ती अजून पहिल्याच घरांत उभे आहेत.