सचैल

जपानला सहकुटुंब जाऊन आलेल्या मराठी मंडळींची प्रवासवर्णने आम्ही आवडीने वाचतो. फुजी पर्वत, अतिवेगवान रेल्वे आणि चेरीचा बहर यांच्या वर्णनात ती बहुधा सारखी असतात. मात्र 'ओन्सेन' म्हणजे उन्हाळ्याच्या झऱ्यावरील स्नानगृहाचा प्रसंग आला की प्रत्येकाची लेखणी थोडी अडखळते. दारापाशी दोन पडदे असतात. एकातून बायका आत जातात, दुसऱ्यातून पुरुष; कुटुंब तेथेच दुभंगते. आत गेल्यावर अंगावर एकही वस्त्र ठेवायचे नाही, हातात असलाच तर एक छोटासा पंचा, तोही पाण्यात बुडवायचा नाही. तो घडी करून डोक्यावर ठेवायचा. येथवर लिहून लेखक किंवा लेखिका लाजेच्या विषयात शिरतात आणि वर्णन तेथेच संपते.

आम्हांला वाटते, लाजेपाशी थांबल्यामुळे त्या स्नानगृहातला खरा नियम वाचायचा राहून जातो. तो असा की कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बुटक्या चौरंगावर बसून, साबण लावून, अंग स्वच्छ धुवायचे आणि साबणाचा अंशही अंगावर उरू द्यायचा नाही. स्नान कुंडाबाहेरच पुरे होते. कुंडात उतरायचे ते ऊन पाण्यात निवांत बसण्यासाठी, मळ काढण्यासाठी नव्हे. आपल्या मनात तीर्थाची जी कल्पना आहे तिच्या हे नेमके उलट आहे. आपण मळलेले जातो आणि पाण्याने आपल्याला शुद्ध करावे अशी अपेक्षा धरतो. तेथे माणसाने स्वच्छ होऊन पाण्यापाशी जायचे असते, कारण त्याच पाण्यात आणखी कोणी बसलेले असते.

जपानी रिवाज आरंभापासून आजच्यासारखा होता, असेही समजू नये. इ. स. 733 मध्ये पूर्ण झालेल्या 'इझुमो फुदोकी' या प्रांतवृत्तान्तात तामात्सुकुरीच्या उष्ण झऱ्याचे वर्णन आहे. तेथे स्त्रीपुरुष, म्हातारे आणि पोरे एकत्र जमतात असे त्यात म्हटले आहे. एदो नगरीतील सार्वजनिक हमामांत स्त्रीपुरुषांच्या एकत्र स्नानावर 1791 मध्ये बंदी आली, पण ती फारशी पाळली गेली नाही. कमोडोर पेरी यांच्या अमेरिकी मोहिमेच्या अधिकृत वृत्तान्तात, 1856 मध्ये, शिमोदा येथील एकत्र स्नानगृहाचे चित्र छापले गेले आणि त्याबरोबर नैतिक नापसंतीही. पुढे मेइजी सरकारने बंदीचे हुकूम पुन्हापुन्हा काढले, त्यामागे या परक्या नजरेचा धाक मोठा होता. म्हणजे प्रवाशांना प्राचीन वाटणारे ते दोन पडदे बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकाचे आहेत. (सोसेकींच्या 1906 सालच्या 'बोच्चान' कादंबरीतला तरुण मास्तर रिकाम्या कुंडात पोहतो आणि नंतर तेथे 'पोहू नये' अशी पाटी लागलेली पाहतो. नियम कसे जन्मतात हे सांगायला एवढे पुरे.)

आता घराकडे वळू. मराठीत उष्ण झऱ्यांची गावे नावावरूनच ओळखू येतात : उन्हेरे, उन्हवरे, उनपदेव, उनकेश्वर. 'उष्ण'पासून आलेले आपले 'ऊन' त्यांत टिकून आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला असे ऊन पाणी नाही. आमच्याकडे आहे ती लोणारची धार, आणि ती थंड आहे. उल्काघाताने बेसॉल्टात खोदलेल्या सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवराच्या काठावर, गोमुखातून हे गोडे पाणी बारमाही पडते आणि उताराने खालच्या खारट, अल्कधर्मी सरोवराकडे जाते. जवळच्या देवाचे नाव पापहरेश्वर. स्नानाकडून आपली अपेक्षा काय, हे त्या नावातच आले.

'आईन-इ-अकबरी'त अबुल फझलने लोणारची नोंद केली आहे. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात, तळ्यात काच आणि साबण करण्याचे द्रव्य मिळते, वर डोंगरावर एक झरा असून त्याच्या मुखाशी बैल कोरलेला आहे, आणि अमावास्या सोमवारी आली म्हणजे त्या झऱ्याचे पाणी मोठ्या तळ्यात वाहते, असे तो सांगतो. सोमवती अमावास्येच्या पर्वस्नानाची ही सोळाव्या शतकातली चाहूल आहे. ज्या तळ्याच्या क्षारातून साबण होई, त्याच तळ्याकडे आपल्या काळात वरच्या आंघोळींचा साबण वाहत गेला, ही गंमत मात्र अबुल फझलच्या वाट्याला आली नाही.

धारेवर काय, गोदेच्या घाटावर काय, आपल्याकडे स्नान अंगावर वस्त्र ठेवूनच होते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात नग्न स्नानाचा निषेध आहे. ओल्या लुगड्यावरून कोरडे नेसून ओले अलगद खाली सोडण्याची आपल्या आज्यांची कला या निषेधातून घडली. पण 'सचैल' हा शब्द निराळा आहे. आज आपण 'सचैल न्हालो' म्हणतो ते 'मनसोक्त, डोक्यावरून न्हालो' या अर्थाने. वर्गात विचारले तर दहांपैकी नऊ विद्यार्थी तोच अर्थ सांगतात. मूळ अर्थ 'चैलासह', नेसत्या वस्त्रांसह. आप्ताच्या मरणाची वार्ता उशिरा कळली तर, किंवा ज्याचा स्पर्श निषिद्ध ठरवला त्याचा स्पर्श झाला तर, जसे असाल तसे पाण्यात शिरायचे, कारण विटाळ कापडालाही लागलेला असतो. ज्या शब्दाने आपण पावसाच्या कविता रंगवतो त्याच्या पोटात अस्पृश्यता आहे, हे भाषा शिकवणाऱ्यांनी तरी विसरू नये.

याच लोणारला चक्रधरस्वामी आले होते. यादव राजा कान्हरदेव याच्याशी त्यांची भेट येथे झाल्याचे लीळाचरित्र सांगते. स्त्रीच्या विटाळाला शरीराच्या इतर उत्सर्गांहून वेगळे न मानणारा हा पुरुष पापहरणाच्या तीर्थावर यावा, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते. पुढे सहा-साडेसहा शतकांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले. सवर्णांनी त्यानंतर काय केले? पंचगव्य घालून तळे 'शुद्ध' केले. माणसाने पाण्यासाठी स्वच्छ व्हायचे हा एक आचार, पाण्याने माणसाला शुद्ध करायचे हा दुसरा. महाडला तिसराच प्रकार झाला. तेथे पाण्यालाच सचैल स्नान घातले गेले. तळ्यावरचा हक्क न्यायालयात कायम व्हायला 1937 साल उजाडले.

जपान या रोगातून मुक्त आहे असे मात्र कोणी मानू नये. ओतारू शहरातील एका स्नानगृहाने परदेशी चेहऱ्याच्या माणसांना दारातच अडवले होते. काहींना शिष्टाचार कळत नाही म्हणून सर्वांनाच बंदी, असा त्यामागचा युक्तिवाद. अडवलेल्यांत जपानी नागरिकत्व मिळालेला एक मूळचा अमेरिकी गृहस्थही होता. सप्पोरोच्या न्यायालयाने 2002 मध्ये हा भेदभाव बेकायदा ठरवला आणि भरपाई द्यायला लावली. कसे न्हावे याचा नियम कोणी न्हावे याच्या नियमात किती सहज सरकतो, ते येथे दिसते.

आणि आपल्या स्मृतींत निव्वळ 'कोणी'चेच नियम आहेत असेही नाही. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र टाकू नये, हे मनूने सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तर एक विलक्षण अट आहे : दुसऱ्याच्या तळ्यात न्हायचे असेल तर आधी त्यातले चिखलाचे पाच गोळे बाहेर काढावेत. कारण पापपुण्याचे दिले जाते, तरी कृती शुद्ध व्यवहाराची आहे. येणारा प्रत्येक जण गाळ उपसून मगच उतरेल. जपानी चौरंगाच्या अगदी जवळ जाणारा हा आचार आपण कधी आणि का टाकून दिला, आणि विटाळाचे आचार मात्र इतके घट्ट का धरून ठेवले, याचा शोध घेण्यासारखा आहे. निबंधकारांनी या अटीवर बरीच शाई खर्च केली, पण लोकांच्या अंगवळणी पडला तो विटाळच.

काही वर्षांपूर्वी सहकुटुंब धारेवर गेलो असता एक वृद्ध बाई आमच्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी पिशवी काठावर ठेवली, लुगड्याचा काचा मारला आणि कुंडाच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा दोन्ही हातांनी काढून बाहेर टाकला. मगच त्या धारेखाली बसल्या. आमच्या डोक्यात तेव्हा याज्ञवल्क्य घोळत होता. न राहवून विचारले, हे कशासाठी? आमच्याकडे जरा नवलाने पाहत त्या म्हणाल्या, "तुंबते नं बाप्पा."