फाइलला ठाऊक होतं

जीता सिंग, कश्मीरा सिंग आणि हरबन्स सिंग. उत्तर प्रदेशातल्या एका कुटुंबातल्या चौघांचा खून केल्याबद्दल तिघांना फाशी झाली. प्रत्येकाचा वाटा सारखाच धरला गेला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने एकाच निकालाने तिघांची शिक्षा कायम केली. पुढे सर्वोच्च न्यायालयात मात्र त्यांनी तीन वेगवेगळ्या विशेष अनुमती याचिका केल्या, आणि तिथून तिघांच्या वाटा फुटल्या.

पुढचं सगळं दोन कागदांवरून जुळवता येतं. एक, 12 फेब्रुवारी 1982 चा ‘हरबन्स सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ हा निकाल. दुसरा, त्याच वर्षी 16 ऑगस्टला न्या. पी. एन. भगवती यांनी बच्चन सिंग खटल्यात दिलेलं भिन्नमताचं निकालपत्र. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: पहिला निकाल ज्यांच्या खंडपीठाचा, ते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि दुसरा लिहिणारे भगवती, हे दोघेही या घटनाक्रमात स्वतः सामील होते. साक्षीदारांनीच लिहिलेली बखर म्हणा ना. पण इथे ती विश्वासार्ह वाटते, कारण दोघेही सांगतात ते स्वतःच्या न्यायालयाला अडचणीचं आहे.

जीता सिंगची याचिका आधी निघाली. 15 एप्रिल 1976 रोजी चंद्रचूड, कृष्ण अय्यर आणि उंटवालिया यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. कृष्ण अय्यर म्हणजे फाशीविरुद्ध सर्वांत आवेशाने लिहिणारे न्यायमूर्ती. त्यांच्यासमोर प्रकरण येऊनही जीता सिंग सुटला नाही. कश्मीरा सिंगची याचिका भगवती आणि फझल अली यांच्यापुढे आली. त्यांनी फक्त शिक्षेच्या मुद्द्यावर अपिलाची परवानगी दिली आणि 10 एप्रिल 1977 रोजी फाशीची जन्मठेप केली. हरबन्स सिंगची पाळी आली तेव्हा समोर सरकारिया आणि शिंघल होते. 16 ऑक्टोबर 1978 रोजी त्याचीही याचिका फेटाळली गेली.

त्याने फेरविचार याचिका केली. सरकारिया आणि ए. पी. सेन यांनी तीही फेटाळली. तारीख 9 मे 1980.

ही तारीख कायद्याच्या विद्यार्थ्याला पाठ असते. त्याच दिवशी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बच्चन सिंग खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने (तो एक म्हणजे भगवती; त्यांचं भिन्नमताचं निकालपत्र 1982 मध्ये आलं) फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण ती दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच द्यावी असं बजावलं. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी न देण्याची कारणं न्यायाधीशाला नोंदवावी लागत. ती अट 1955 च्या दुरुस्तीने गेली आणि 1973 च्या संहितेने उलट फाशी देण्यासाठी ‘विशेष कारणं’ मागितली. या उलट्या फिरलेल्या चाकाला घटनापीठाने तत्त्वाची बैठक दिली. ते बहुमताचं निकालपत्र लिहिणारे होते सरकारियाच. फाशी किती जपून द्यावी हे जगाला सांगणारी सही आणि हरबन्सचा अर्ज फेटाळणारी सही, दोन्ही एकाच दिवसाच्या. यात ढोंग नव्हतं, आणि मला तरी तेच जास्त अस्वस्थ करतं.

कारण कश्मीराची फाशी रद्द झाल्याची नोंद न्यायालयाच्या रजिस्ट्रीने कार्यालयीन टिपणात केलेली होती. 1982 च्या निकालात हे स्पष्ट लिहिलंय. नोंद होती, सुनावणीत ती न्यायमूर्तींच्या नजरेला कुणी आणून दिली नाही. दिली असती तर शिक्षेच्या प्रश्नावर हरबन्सला अपिलाची परवानगी मिळाली असती, असंही निकाल म्हणतो.

राष्ट्रपतींनी हरबन्सचा दयेचा अर्ज नाकारला. 6 ऑक्टोबर 1981 ही जीता आणि हरबन्स दोघांच्या फाशीची तारीख ठरली. हरबन्सने रिट याचिका करून स्थगिती मिळवली. जीताने फेरविचार याचिकादेखील केलेली नव्हती. ठरल्या दिवशी त्याला फाशी दिली गेली.

चार महिन्यांनी चंद्रचूड यांच्यासमोर तिघांचे हिशेब एकत्र आले. जीताची याचिका फेटाळणाऱ्यांत आपण होतो, हे त्यांना सोयीस्करपणे विसरता आलं नसतं. हरबन्सची फाशी रद्द करणं न्यायालयाच्या हाती होतं, पण राष्ट्रपतींनी निर्णय दिलेला असल्यामुळे त्यांचा मान राखत प्रकरण फेरविचारासाठी त्यांच्याकडेच पाठवलं गेलं. जीता मात्र आता कुठल्याही न्यायासनाच्या कक्षेपलीकडे गेला होता.

त्याच निकालाने तुरुंग अधीक्षकांवर एक काम टाकलं: फाशी देण्याआधी, या कैद्याच्या एखाद्या सहआरोपीची फाशी रद्द झाली आहे का, याची जातीने खात्री करायची, झाली असेल तर वरिष्ठांना कळवायचं आणि त्यांनी ते तातडीने न्यायालयाच्या कानावर घालायचं. ज्या चौकशीला वकील आणि न्यायमूर्ती पुरे पडले नव्हते, ती आता तुरुंगाच्या दारावर येऊन ठेपली.

न्यायालयातल्या फेरविचार याचिकेचं दार मात्र बराच काळ अरुंदच राहिलं. 2 सप्टेंबर 2014 रोजी महंमद आरिफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीच्या कैद्याची फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे, तोंडी ऐकली जाईल. वेळेची कमाल मर्यादा अर्धा तास.