भट्टी नसलेलं घर

मंडळी, वीज वाचवणारं नवं घर म्हटलं की आधी सोलर आठवतं ना? मग ही गोष्ट ऐकाच. कॅनडातलं रेजायना शहर. हिवाळ्यात पारा उणे ३० च्याही खाली. १९७३ च्या तेलसंकटाने इंधन महागलं, आणि १९७७ साली हॅरॉल्ड ऑर व सहकाऱ्यांनी तिथे घर बांधलं, ज्यात ऊब देणारी भट्टीच नव्हती! सुमारे ३० सेंटीमीटर जाड, उष्णता अडवणाऱ्या भिंती. सगळ्या फटी बंद. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब ताज्या हवेला देणारं यंत्र. सौरयंत्रणाही होती, पण महागडी आणि कटकटीची. पुढे ती काढली. भिंती मात्र काम करत राहिल्या. म्हणून मी म्हणतो, घर बांधताना पैसा आधी भिंतींत घाला. सोलर नंतरही बसवता येतं. भिंत नंतर बदलणं अवघड.