पायाची जखम अँटिबायोटिक घेऊनही बरी का होत नाही?

पेरणीच्या दिवसांत आसेगावसारख्या गावात पायात काटा मोडणे, चिखलात ठेच लागणे नेहमीचेच. पण मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. दुखत नाही म्हणून जखम अंगावर काढली जाते. मग मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या जातात. पू कमी होतो आणि आठवड्याने पुन्हा वाढतो.

एका जखमेत अनेक जंतू

जुन्या, खोल जखमेत बहुधा एकच जंतू नसतो. स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय, स्युडोमोनास आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू एकत्र असू शकतात. याला मिश्र संसर्ग म्हणतात. हे जंतू एकमेकांना वाचवतात:

• एक जंतू पेनिसिलिन गटातील औषध निकामी करणारे एन्झाइम सोडतो. त्यामुळे एरवी त्या औषधाने मेला असता असा शेजारचा जंतूही वाचतो.
• औषधाला दाद न देण्याचा गुण जनुकांमार्फत एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतो.
• जंतू मिळून जखमेवर चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, तयार करतात. त्यातील जंतूंवर औषधाचा परिणाम कमी होतो.

म्हणूनच फक्त गोळ्या पुरत नाहीत. मेलेला भाग काढून जखम साफ करणे आणि साखर आटोक्यात ठेवणे तितकेच महत्त्वाचे आहे.

कल्चर तपासणी

शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी, जखम साफ करून खोल भागातील नमुना घेतात. अहवालाला साधारण 2 ते 3 दिवस लागतात. संसर्ग गंभीर असेल तर डॉक्टर वाट न पाहता औषध सुरू करतात आणि अहवालानुसार ते बदलतात. अहवालात आलेला प्रत्येक जंतू दोषी असतोच असे नाही. त्यामुळे अहवाल पाहून स्वतः औषध ठरवू नका.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा

• पाय काळा पडणे, दुर्गंधी येणे
• लाली किंवा सूज वर चढणे
• ताप, थंडी, साखर अचानक वाढणे

जवळच्या आरोग्य केंद्रातून गरजेप्रमाणे वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले जाते. जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. कोणते औषध आधी घेतले होते हे कळले, तर पुढचे निवडणे सोपे जाते.

शेतातून आल्यावर रोज पाय धुऊन कोरडे करा आणि तळवे पाहा. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना पाहायला सांगा.