करवतकाठ आणि यंत्रमानव

‘मानव आणि तंत्रज्ञान यांचे मीलन’ हा विषय गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या कलाप्रकल्पांत वारंवार येऊ लागला आहे. संगणकावर केलेली ही चित्रे पुष्कळदा एकाच कुळातली असतात. अर्धा चेहरा हाडामांसाचा, अर्धा तारांचा. मनगटापाशी संपणारी त्वचा आणि तेथून सुरू होणारे पोलाद. मागे निळसर प्रकाश आणि कोणत्याही गावाचे नसलेले आकाश. आम्ही भंडारा जिल्ह्यात मराठी शिकवतो. या चित्रांशी आमचा संबंध एवढाच, की त्यांना जोडावयाचे मराठी टिपण तपासण्यासाठी आमच्याकडे येते. अशाच एका टिपणात विद्यार्थ्याने लिहिले होते, की माणूस आणि यंत्र आजवर वेगळे होते, उद्या ते एक होतील. रेषा आणि रंग यांविषयी मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. ‘आजवर’ आणि ‘उद्या’ या दोन शब्दांविषयी मात्र काही म्हणावेसे वाटते. कारण ज्या जिल्ह्यात हे टिपण लिहिले गेले, त्या जिल्ह्याचा इतिहास वेगळेच काही सांगतो.

प्रथम या विषयाच्या शब्दसंग्रहाकडे पाहू. ‘सायबोर्ग’ हा शब्द १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन अमेरिकी संशोधकांनी घडवला. अंतराळात जाणाऱ्या माणसासाठी तेथे पृथ्वी निर्माण करण्यापेक्षा माणसाच्या शरीरालाच यंत्राची जोड द्यावी, आणि ही जोड इतकी सहज असावी की त्याला तिची आठवणही राहू नये, अशी ती कल्पना होती. ‘रोबो’ हा शब्द त्याहून चाळीस वर्षांनी जुना. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून तो जगभर गेला. ज्या चेक शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ मराठीत सांगण्यास कोश उघडावा लागत नाही. तो अर्थ आहे ‘वेठ’. म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्या संबंधाची दोन टोके या दोन शब्दांत आहेत. एकात शरीराची शक्ती वाढते, दुसऱ्यात शरीर वेठीला धरले जाते. विद्यार्थ्यांच्या चित्रांत पहिले टोक हटकून दिसते, दुसरे क्वचितच. दोन्ही एका ठिकाणी पाहावयाची असतील, तर मोहाडी, आंधळगाव किंवा पवनी येथील विणकराच्या घरात जावे.

विदर्भाची करवतकाठी साडी सर्वांना ठाऊक आहे. अंग कोशाचे आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून हे नाव. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ती ज्या मागावर विणली जाते, त्याकडे मात्र आपण यंत्र म्हणून सहसा पाहत नाही. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यात असतात. पाय पावडी दाबतात, ताण्याचे धागे वर-खाली होऊन त्यांत वाट पडते, त्या वाटेतून हात धोटा फेकतो आणि फणी बाण्याचा धागा ठोकून बसवते. करवतकाठीला एका धोट्याने भागत नाही. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, असे तीन धोटे चालवावे लागतात. प्रत्येक फेरीला काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवावा लागतो. करवतीचे दात निघतात ते याच अडकवण्यातून. इंग्लंडात जॉन के याने १७३३ साली धावता धोटा काढला आणि विणण्याचा वेग वाढला. पण दोरीच्या एका झटक्यासरशी या काठापासून त्या काठापर्यंत जाणाऱ्या त्या धोट्याला हे अडकवण्याचे काम साधत नाही. त्यासाठी बोटेच लागतात.

ही क्रिया वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाला पावडीची आठवण ठेवावी लागत नाही. कोणता पाय केव्हा दाबावा हे त्याचे पायच जाणतात. क्लाइन्स आणि क्लाइन यांना अंतराळवीरासाठी जी सहजता हवी होती, ती येथे लाकूड, दोरी आणि सराव यांच्या बळावर साधलेली आहे. माग विणकराच्या शरीराचा विस्तार आहे, असे म्हणण्यात अलंकार नाही. तितकेच खरे हेही की विणकर मागाचा एक भाग आहे. त्याचा पाठीचा कणा आणि त्याचे डोळे मागाबरोबर झिजतात. मागाचे झिजलेले लाकूड बदलता येते. कण्याचे आणि डोळ्यांचे तसे नाही.

मागाच्या आधीची पायरी आणखी बोलकी आहे. टसर रेशमाची अळी आपल्या जंगलांतील ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर वाढते. भंडारा जिल्ह्यात तिची राखण ढिवर समाजातील कुटुंबे करत आली आहेत. कोष शिजवल्यावर त्यांतून धागा काढण्याची टसरच्या प्रदेशांतील जुनी रीत अशी, की स्त्रीने जमिनीवर बसून चार-सहा कोषांचे तंतू एकत्र धरावेत आणि आपल्या उघड्या मांडीवर हाताने वळत त्यांचा धागा करावा. येथे यंत्र असे काही नाहीच. बाईची मांडी हेच यंत्र आहे. तिची त्वचा सोलवटते. ही रीत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने धागा काढण्याची लहान यंत्रे तयार केली आणि ‘बुनियाद’ या नावाचे यंत्र गेल्या दशकाच्या अखेरीस स्त्रियांना वाटले जाऊ लागले. हातकामाच्या स्तुतीत रमणाऱ्यांनी, आणि आम्ही साहित्याची माणसे त्यात फार लवकर रमतो, हे ध्यानात ठेवावे. मांडीऐवजी यंत्र आले, तर त्या बाईचे काहीही हरवत नाही. येथे माणूस आणि यंत्र वेगळे होणे हीच प्रगती आहे.

आता संगणकाकडे येऊ. करवतकाठीच्या काठावरील नक्षीसाठी मागावर डॉबी बसवतात. तिच्यात लाकडी पट्ट्यांची एक माळ असते आणि पट्ट्यांना भोके असतात. एखाद्या भोकात खुंटी ठोकली असेल तर ताण्याचे ठरावीक धागे उचलले जातात, खुंटी नसेल तर जागीच राहतात. आहे किंवा नाही, या दोनच उत्तरांवर सगळी नक्षी उभी राहते. संगणकाचे एक आणि शून्य याहून निराळे नाहीत. हे साम्य योगायोगाचे नव्हे. फ्रान्समधील ल्यों या रेशमाच्या शहरात जोझेफ-मारी जॅकार याने १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारी मागाची यंत्रणा तयार केली. त्याचे रेशमात विणलेले चित्र १८३९ साली तयार झाले; त्याला सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेज याच्याकडे होती, आणि आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी बॅबेजने हेच छिद्रांचे पुठ्ठे निवडले. ते यंत्र बीजगणिताच्या आकृत्या जणू विणते, असा विचार एडा लव्हलेस हिने १८४३ साली मांडला. तेव्हा विद्यार्थ्याने ज्या यंत्रावर आपले चित्र काढले, त्याच्या पूर्वजांत माग आहे. विणकराच्या घरातल्या मुलाने संगणकासमोर बसणे म्हणजे परक्या प्रांतात जाणे नव्हे.

येथे ‘वेठ’ या दुसऱ्या टोकाकडे वळले पाहिजे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे भंडारा जिल्ह्यातून गेली. गावचा माग आणि शहरातील गिरणी यांचे अंतर मोजण्याची एकके बदलली. गिरणीतही माणूस आणि यंत्र एकत्रच होते. पण गावच्या मागावर लय पायाची होती, गिरणीत ती पट्ट्याची आणि भोंग्याची झाली. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. ज्या गोष्टीस कायद्याने मर्यादा घालावी लागली, ती त्यापूर्वी कशी चालत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. मुलाचे शरीर यंत्राला जोडण्याचा हा प्रयोग कोणा कलाकाराने केला नव्हता. एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली.

यंत्राविषयीचा हा पेच एका विद्यार्थ्यानेच एकदा थेट विचारला होता. १९२४ साली दिल्लीत शांतिनिकेतनचा विद्यार्थी जी. रामचंद्रन याने गांधीजींना प्रश्न केला, की आपण सर्व यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? गांधीजींच्या उत्तराचा आशय असा, की हे शरीर स्वतःच एक अत्यंत नाजूक यंत्र आहे आणि चरखाही यंत्रच, मग विरोध यंत्राला कसा असेल. विरोध आहे तो यंत्राच्या हव्यासाला. शिवणयंत्राचा त्यांनी त्या वेळी आवर्जून अपवाद केला. पुढे १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. ते कोणासही मिळाले नाही. पण खेड्यात वापरता येईल, दुरुस्त करता येईल आणि चालवणाऱ्याला दमवणार नाही असे यंत्र हवे, ही त्यामागची दृष्टी आजही जुनी झालेली नाही.

कलेच्या क्षेत्रात या प्रश्नाला हात घालणारे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली, तेव्हा त्यांनी १९६९ साली मुंबईत एक प्रयोगशाळाच उघडली आणि निरनिराळ्या कलाकारांना कॅमेरा व चित्रफितीची साधने वापरू दिली. त्यांत नुकतेच जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे शिक्षण संपवलेल्या नलिनी मलानी होत्या. त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ ही चित्रफीत केली. तीत नव्या वास्तुरचनेची छोटी प्रतिकृती रंगीत प्रकाशात उजळत राहते. उद्याच्या आधुनिक भारताचे ते स्वप्न होते. १९७६ साली मात्र त्यांनी त्याच चित्रफितीशेजारी दुसरी, कृष्णधवल चित्रफीत ठेवली. तीत एक तरुण स्त्री मुंबईच्या उंच इमारतीतून खालच्या शहराकडे पाहते. दोन्ही मिळून झालेल्या कलाकृतीचे नाव ‘युटोपिया’. आपल्या तरुणपणीचे स्वप्न त्यांनी पुसून टाकले नाही. त्याच्या शेजारी वास्तव आणून ठेवले. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे उदाहरण सांगतो ते यासाठी, की पोलादी हाताचे चित्र काढू नये असे आमचे म्हणणे नाही. त्याच्या शेजारी दुसरे चित्र हवे.

आज याला निकडीचे रूप आले आहे. २०२२ पासून चार शब्द लिहिले की चित्र काढून देणारी साधने सर्वांच्या हाती आली. ही साधने आधीच्या कोट्यवधी प्रतिमांवर शिकलेली आहेत. त्या प्रतिमा कोणाच्या हातून आल्या, हे चित्र पाहून कळत नाही. ‘करवतीची नक्षी काढ’ असे म्हटले तर पडद्यावर दात उमटतील. तीन धोट्यांचे अडकवणे त्यांत नसेल, आणि विणकराला त्याचे काही मिळणारही नाही. भौगोलिक मानांकनाने प्रदेशाचे नाव राखले जाते. पण ज्या हातांनी काठ विणला, त्यांचे नाव साडीवर पूर्वीही नव्हते आणि आताही नाही.

माणूस आणि यंत्र एक होतील काय, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस फारसा उपयोगी वाटत नाही. ते एक होतेच. विचारावयाचे ते वेगळे: या जोडीत लय कोणाची, झीज कोणाच्या वाट्याला, आणि नाव कोणाचे राहते? मांडीवर धागा वळणारी स्त्री, खड्ड्यात पाय सोडून बसलेला कोष्टी आणि गिरणीतला सात वर्षांचा मुलगा यांची या तीन प्रश्नांना दिलेली उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि संगणकासमोर बसलेल्या आजच्या पिढीचे उत्तर अजून लिहिले जावयाचे आहे.

जॅकारचे जे रेशमी चित्र बॅबेजने आपल्याकडे बाळगले, ते विणणाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. मिशेल-मारी कार्किया. मोहाडीच्या एखाद्या जुन्या करवतकाठी साडीविषयी एवढे तरी आपल्याला सांगता येईल काय?