अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेश : ‘वंचित’ म्हणवून घ्यावे काय?

अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांसाठीच्या ‘एएमसीएएस’ या सामाईक अर्जात ‘आपण स्वतःला वंचित समजता काय?’ असा थेट प्रश्न पूर्वी असे. २०२३ मध्ये तो वगळण्यात आला. आता आयुष्यातील अडचणींवर केलेल्या मातीविषयी अधिक लिहायचे आहे काय, एवढेच विचारले जाते. उत्तर ऐच्छिक असून मर्यादा १३२५ अक्षरांची आहे.

आपल्याकडील आरक्षणाशी याची गल्लत करू नये. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या. ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच अवैध ठरवली. ‘हो’ म्हटल्याने जागा मिळत नाही; अर्ज वाचणाऱ्याला गुणांमागची परिस्थिती कळते, इतकेच.

शिकतानाच घरखर्चासाठी नोकरी करावी लागली, घर सरकारी मदतीवर चालले किंवा परिसरात डॉक्टरच नव्हता, अशांनी निःसंकोच लिहावे. ही याचना नव्हे. मात्र तेथील सुस्थित मराठी अभियंत्याच्या मुलाने केवळ आईवडील परदेशातून आले म्हणून हा रकाना भरणे ओढूनताणून केल्यासारखे दिसते. त्याच घरातील दीर्घ आजारपण ही निराळी बाब. मुलाखतीत यावरच प्रश्न येऊ शकतो. तेव्हा समोरासमोर सांगता येईल तेवढेच लिहावे.